किमयेची चिन्हे आणि शेजारची ओळ

सतराव्या शतकातल्या युरोपीय किमयागाराची वही वाचायला घेतली की वाचक लवकरच अडतो. वाक्य इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये नीट चाललेले असते आणि मध्येच शब्दाच्या जागी टिंब असलेले वर्तुळ येते, पुढे अर्धचंद्र, त्यापुढे क्रूसावर बसवलेला त्रिकोण. ही चिन्हे म्हणजे पानाची सजावट नव्हे. ती त्या वाक्यातली नामे आहेत. सोने, चांदी, गंधक असे वाचत गेले की वाक्य पुन्हा चालू लागते. लॅटिन वह्यांत तर चिन्हाला विभक्तीचा प्रत्ययही बारीक अक्षरांत जोडलेला दिसतो. लिहिणाऱ्याच्या मनात चिन्ह आणि शब्द यांत अंतरच उरले नव्हते. आजच्या वाचकाला या चिन्हांची ओळख करून देणारी छोटी संदर्भ-अ‍ॅप्स फोनवर मिळतात: चिन्हांची यादी, चिन्हावर बोट ठेवले की नाव, नावाखाली दोन-चार ओळी. असे अ‍ॅप संगणकावर कसे चालवावे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. वरवर पाहता हा थोड्या क्लिकांत संपणारा तांत्रिक मामला वाटेल. तो तसा नाही, असे मला ठामपणे वाटते. किमयेच्या चिन्हाचा अर्थ एकट्या चिन्हात पुरा भरलेला नसतो, तो आजूबाजूच्या ओळीतून ठरतो. म्हणून चिन्हांचा संदर्भ त्या ओळीच्या शेजारी, त्याच पडद्यावर असायला हवा आणि चिन्ह तिथून उचलून आपल्या नकलेत ठेवता यायला हवे. फोनवर हे दोन्ही अवघड जाते. संगणकावर ते साधते, पण केवळ अ‍ॅप उघडले म्हणून नव्हे.

आधी अर्थाचा प्रश्न घेऊ, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. सर्वांत पक्की मानली जाणारी चिन्हे सात धातूंची आहेत: सूर्याचे सोन्यासाठी, चंद्राचे चांदीसाठी, बुधाचे पाऱ्यासाठी, शुक्राचे तांब्यासाठी, मंगळाचे लोखंडासाठी, गुरूचे कथलासाठी आणि शनीचे शिशासाठी. सतराव्या शतकातल्या वहीत या जोड्या धरून चालायला हरकत नाही. पण व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात ग्रीक किमयाग्रंथांचे जे प्रसिद्ध हस्तलिखित आहे, दहाव्या-अकराव्या शतकातले, त्यातही चिन्हांच्या याद्या आहेत, आणि त्या जुन्या ग्रीक परंपरेत पाऱ्याला बुधाचे चिन्ह नव्हते. त्याच्यासाठी तोंड फिरवलेला चंद्र होता. बुध कथलाकडे होता. गुरूकडे इलेक्ट्रम होते, म्हणजे सोने आणि चांदी यांची मिश्रधातू. पुढे इलेक्ट्रम या यादीतून गळाले, पाऱ्याला धातूंमध्ये जागा मिळाली आणि बुध त्याच्याकडे गेला. कथलाला रिकामा झालेला गुरू मिळाला. ‘बुधाचे चिन्ह म्हणजे पारा’ ही अ‍ॅपमधली ओळ न्यूटनच्या किमयेच्या वहीसाठी खरी आणि प्राचीन ग्रीक मजकुरासाठी खोटी ठरते. ओळ तीच, चिन्ह तेच. फरक कोणत्या शतकातले पान समोर आहे एवढाच, आणि पान कोणते हे अ‍ॅपला ठाऊक नसते.

एकाच शतकातही घोटाळे कमी नाहीत. वर्तुळाखाली क्रूस म्हणजे तांबे. वर्तुळावर क्रूस म्हणजे अँटिमनी. अग्नीचा त्रिकोण टोक वर करून उभा असतो आणि पाण्याचा खाली करून. त्यांतून आडवी रेघ गेली की अनुक्रमे वायू आणि पृथ्वी होतात. म्हणजे पान उलटे धरले तर तांब्याची अँटिमनी होते आणि आगीचे पाणी. फोन हातात फिरत राहतो, त्याचा पडदाही फिरतो, तेव्हा ही शक्यता हसण्यावारी नेण्याजोगी नाही. बरे, अँटिमनी हे नाव मिळाले तरी काम संपत नाही. त्या काळातला लेखक अँटिमनी म्हणतो तेव्हा त्याला बहुतेकदा खनिज अभिप्रेत असते, आपण ज्याला सुरमा म्हणतो ते. त्यातून लोखंडाच्या मदतीने काढलेला धातू म्हणजे रेग्युलस. तो सावकाश थंड होताना पृष्ठभागावर ताऱ्यासारखे स्फटिक उमटतात, आणि त्या ताऱ्याने न्यूटनसह अनेकांना झपाटले होते. अ‍ॅपमध्ये ‘अँटिमनी’ वाचून आजच्या आवर्तसारणीतले ५१ क्रमांकाचे मूलद्रव्य डोळ्यांपुढे आणणारा वाचक पहिल्याच कृतीत चुकीचा पदार्थ मुशीत घालतो. यातून त्याला वाचवते ते पुढचे वाक्य. पदार्थ दळला जातोय की वितळवला जातोय, त्यात लोखंड टाकले जातेय की तो लोखंडापासून वेगळा केला जातोय, हे पाहिल्याशिवाय चिन्ह उलगडत नाही.

चिन्हांच्या याद्या करण्याची परंपराही जुनी आहे. बासिल व्हॅलेंटाइनच्या नावावर चालणारे ‘शेवटचे मृत्युपत्र’ १६७० च्या सुमारास लंडनमध्ये इंग्रजीत छापले गेले, त्यात चिन्हांचा एक मोठा तक्ता होता. १७५५ मध्ये जर्मनीत उल्म येथे चिन्हांचा एक कोशच निघाला. १८९९ मध्ये गेसमनने आणि १९२८ मध्ये ल्यूडी-टेंगरने आणखी याद्या केल्या. या याद्या चाळताना जाणवते ती एकेका पदार्थामागची चिन्हांची गर्दी. युनिकोडने यांतली थोडीच चिन्हे घेतली, तरी तिथेही व्हिनेगरची ३ चिन्हे आहेत आणि मुशीची ५. जुन्या संकलकांनी एका नावासमोर ही सगळी रूपे ओळीने मांडली होती. वाचक आपल्या पानावरचे रूप त्यांच्याशी ताडून पाहत असे. फोनच्या अरुंद पडद्यावर मात्र यादी एका वेळी एकच नोंद दाखवते. नोंद उघडली की यादी दिसेनाशी होते, आणि हस्तलिखिताचे चित्र पाहायला गेले की अ‍ॅपच दिसेनासे होते. तुलना करणे हेच ज्या विद्येचे काम आहे तिला तुलनेची जागाच मिळत नाही.

म्हणून संगणक. एका बाजूला हस्तलिखिताचे मोठे केलेले चित्र, मध्ये आपण उतरवत असलेला मजकूर, दुसऱ्या बाजूला चिन्हांचे अ‍ॅप: ही मांडणी मिळाली की काम बदलते. न्यूटनच्या किमयाविषयक वह्या हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. या विषयावर त्याने सुमारे १० लाख शब्द लिहिले. केंब्रिज विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात त्याचे वैज्ञानिक कागद ठेवून घेतले आणि किमयेचे कागद कुटुंबाला परत केले; १९३६ मध्ये सदबीच्या लिलावात ते विकले गेले, आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सने त्यांतले पुष्कळसे मिळवून पुढे किंग्ज कॉलेजला दिले. आता अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात विल्यम न्यूमन यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रकल्पामुळे या वह्यांचा मजकूर घरबसल्या वाचता येतो, जसाच्या तसा उतरवलेलाही आणि वाचायला सोपा केलेलाही. अशा पानाशेजारी चिन्हांचे अ‍ॅप उघडे असले तर वाचक अर्थाचा अंदाज बांधतो, पुढच्या ओळीत तो तपासतो, आणि चुकला तर मागे येतो. हे मागेपुढे येणे-जाणे म्हणजेच वाचन.

फोनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम संगणकावर चालतो तो तीन-चार वेगळ्या वाटांनी, आणि त्यांतला फरक कळला तर निवड सोपी जाते. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या चिपवर चालणारे मॅक आणले. ती चिप आयफोनच्याच घराण्यातली असल्यामुळे, अ‍ॅपकर्त्याने मनाई केली नसेल तर, आयफोनचे अ‍ॅप तिथे थेट चालते. क्रोमबुकवर २०१६ पासून अँड्रॉइड अ‍ॅपची सोय येऊ लागली. लिनक्सवर वेड्रॉइडसारखी व्यवस्था अँड्रॉइडला एका कप्प्यात बसवते आणि संगणकाचाच गाभा वापरू देते. विंडोजवर मात्र एम्युलेटर लागतो: ब्लूस्टॅक्ससारखा तयार, किंवा अँड्रॉइड स्टुडिओसोबत येणारा. त्यात संगणकाच्या आत एक अख्खा फोन उभा राहतो, स्वतःची मेमरी आणि स्वतःचे फॉन्ट घेऊन. फोनचे प्रोसेसर बहुतेक एआरएम घडणीचे आणि विंडोज संगणकांचे बहुतेक एक्स८६ घडणीचे, त्यामुळे भाषांतराचा बोजा पडतो असे सांगितले जाते. जड खेळांबाबत ते खरे आहे. चिन्हांचे संदर्भ-अ‍ॅप मात्र बहुधा कोणत्याही विशिष्ट प्रोसेसरला न बांधलेल्या संकेतात लिहिलेले असते, आणि ते एक्स८६ वरच्या अँड्रॉइडमध्ये तसेच चालते. वेग कमी पडला तर आधी संगणकाच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते पाहावे. पुष्कळदा अडचण तिथेच निघते.

आता माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग, आणि मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅप संगणकावर उघडले, यादी दिसली, तरी एक प्रश्न उरतो: पडद्यावर दिसणारे चिन्ह हे अक्षर आहे की चित्र? अक्षर असेल तर ते निवडून आपल्या मजकुरात चिकटवता येते, शोधता येते, मोजता येते. चित्र असेल तर फक्त पाहता येते. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी आपला मजकूर त्या-त्या कंपनीच्या फॉन्टशी बांधलेला असे. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे, आणि त्या काळातले कितीतरी टंकलेखन आजही रूपांतराच्या प्रतीक्षेत आहे. किमयेच्या चिन्हांची दशा २०१० पर्यंत याहून वाईट होती. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत किमयाचिन्हांचा स्वतंत्र विभाग आला, ११६ चिन्हांचा, आणि त्याचा आग्रह न्यूटनच्या वह्या उतरवणाऱ्या त्याच इंडियानाच्या प्रकल्पाने धरला होता. वह्या उतरवताना चिन्हाच्या जागी दरवेळी चित्र डकवणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणजे या चिन्हांना संगणकात अक्षराचा दर्जा मिळाला तो मजकुराच्या गरजेतून, आणि अ‍ॅपची परीक्षाही याच गरजेच्या कसोटीवर व्हायला हवी.

या कसोटीवर अ‍ॅप उतरले तरी वाटेत खड्डे आहेत. एम्युलेटरमधल्या अँड्रॉइडकडे नोटो सिम्बॉल्ससारखा फॉन्ट असल्याने तिथे चिन्ह ठसठशीत दिसते. तेच कॉपी करून आपल्या दस्तऐवजात आणले की रिकामी चौकट उमटते. वाचक समजतो की कॉपी फसली. प्रत्यक्षात अक्षर सुखरूप आलेले असते, त्याला दाखवणारा फॉन्ट इथे नसतो. नोटो सिम्बॉल्स किंवा सिम्बोला बसवला की चौकटीच्या जागी चिन्ह दिसू लागते. दुसरा खड्डा साठवणुकीचा. ही चिन्हे युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे आहेत. जुन्या घडणीचे काही डेटाबेस अक्षरामागे ३ बाइट धरून चालत, तिथे या ४ बाइटांच्या चिन्हांना जागा नसे आणि मजकूर त्या ठिकाणी तुटे. इमोजीही त्याच पलीकडच्या वस्तीत राहतात, आणि ते जगभर वापरले जाऊ लागल्यामुळे बहुतेक ठिकाणी ही दुरुस्ती झाली. किमयेच्या चिन्हांना त्याचा फुकट लाभ झाला.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. युनिकोडचा किमयाविभाग जसाच्या तसा उचलून केलेले अ‍ॅप अपुरे असते आणि फसवेही असते. अपुरे अशासाठी, की सूर्य, बुध, शुक्र, मंगळ ही सर्वांत जास्त वापरातली चिन्हे त्या विभागात नाहीतच. ती ज्योतिष आणि खगोलाची चिन्हे म्हणून आधीच दुसऱ्या विभागात होती. शुक्र आणि मंगळ तर लिनियसने अठराव्या शतकात स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वापरल्यामुळे आणखी एका संसारात गेले आहेत. फसवे अशासाठी, की २०२२ मधल्या १५.० आवृत्तीत या विभागातल्या रिकाम्या जागी ८ नवी चिन्हे बसवली गेली, आणि त्यांत हौमिया, माकेमाके, ऑर्कस असे दूरचे खगोलीय पिंड आहेत. ऑर्कस २००४ मध्ये सापडला. ज्या अ‍ॅपकर्त्याने नुसता विभाग मोजून भरला त्याच्या यादीत हा पिंड पारा आणि गंधक यांच्या पंगतीला बसलेला दिसेल. अ‍ॅप विश्वासार्ह आहे का, हे ओळखायची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इतक्याशा अ‍ॅपसाठी संगणकात अख्खा फोन उभा करणे म्हणजे अवाजवी खटाटोप आहे. तो पूर्णपणे खोडता येत नाही. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर एम्युलेटर आणि भरपूर चित्रांची हस्तलिखिते एकत्र चालवली तर दोन्ही अडखळतात. ज्या अ‍ॅपची माहिती वेबवरही त्याच रूपात मिळते, तिथे एम्युलेटरच्या वाटेला जाऊ नये, असेच मी सांगेन. पण चिन्हांची बरीच छोटी अ‍ॅप्स फक्त फोनसाठी लिहिली गेली आहेत, आणि जुने चांगले कोश जर्मनमध्ये आहेत. तिथे हा खटाटोप एकदाच करायचा असतो, आणि नंतर दर ओळीला फोन उचलून ठेवण्याचा त्रास वाचतो. दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. एम्युलेटरच्या शोधात निघालेला माणूस भलत्याच ठिकाणाहून अ‍ॅपची फाइल उतरवून बसतो. एम्युलेटर त्याच्या मूळ कंपनीकडून आणि अ‍ॅप अधिकृत दुकानातूनच घ्यावे. शिवाय चिन्हे दाखवणाऱ्या अ‍ॅपने संपर्क, स्थान किंवा मायक्रोफोन मागितला तर ते काढून टाकावे, कारण व्हिनेगरचे चिन्ह सांगायला यांतले काहीच लागत नाही.

तिसरा आक्षेप मुळावरच येतो: शिशाचे सोने करू पाहणाऱ्यांच्या खुणा वाचण्यासाठी एवढे कष्ट कशाला? माझे उत्तर असे की या खुणांमधून रसायनशास्त्राने लिहायला शिकले. १७१८ मध्ये एत्येन-फ्रांस्वा जोफ्रुआने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे पदार्थांच्या परस्पर ओढीचा १६ स्तंभांचा तक्ता मांडला, तो याच चिन्हांत. कोणता पदार्थ कोणाला हटवून कोणाशी जुळतो, हे एका नजरेत दाखवण्याची युक्ती चिन्हांमुळे शक्य झाली. १७८७ मध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या नामपद्धतीचे पुस्तक काढले, तेव्हा त्यालाही आसेनफ्राट्झ आणि आदे यांनी रचलेली नवी चिन्हे जोडलेली होती. मूलद्रव्यांसाठी आज वापरली जाणारी बर्झेलियसची अक्षरे त्यानंतर सुमारे पाव शतकाने आली. आणि जुन्या वह्या पोकळ नाहीत हे प्रयोगानेही दिसले आहे. सतराव्या शतकातल्या जॉर्ज स्टार्की या किमयागाराच्या कृतींवरून विज्ञानाचे इतिहासकार लॉरेन्स प्रिन्सिपी यांनी आजच्या प्रयोगशाळेत पारा आणि सोने यांपासून काचपात्रात झाडासारखी वाढ घडवून दाखवली. चिन्हांमागे खरे पदार्थ आणि खरा हात होता. आपल्याकडची रसशास्त्राची परंपरा या बाबतीत वेगळी. तिचा इतिहास प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत लिहिला. ‘रसरत्नसमुच्चय’सारखे ग्रंथ पदार्थ सांगतात ते संस्कृत नावांनी आणि पर्यायांनी, चिन्हांनी नव्हे. त्यामुळे युरोपीय चिन्हांच्या अ‍ॅपमध्ये भारतीय किमया शोधू नये. मात्र हिंगूळ, नवसागर, हिराकस, मोरचूद, सोरा, रसकापूर ही नावे माहीत असलेल्या मराठी वाचकाला त्या चिन्हांमागचे पदार्थ परके वाटण्याचे कारण नाही.

राहतो तो टिकण्याचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ११ सोबत अँड्रॉइड अ‍ॅप थेट चालवण्याची सोय जाहीर केली आणि ५ मार्च २०२५ रोजी तिचा आधार काढून घेतला. ज्यांनी त्या सोयीवर विसंबून अ‍ॅपमध्येच टिपणे आणि आवडत्या चिन्हांच्या याद्या साठवल्या, त्यांना ती माहिती हलवण्याची धावपळ करावी लागली. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक वाटेबरोबर एक गोष्ट सारखी सांगितली आहे: उतरवलेला मजकूर आणि टिपणे साध्या मजकूर-फाइलमध्ये, चिन्हे युनिकोड अक्षरांच्या रूपात आणि प्रत्येक चिन्हाजवळ आपण लावलेला अर्थ, पानाचा क्रमांक व तो का लावला याचे कारण, अशी ठेवावीत. अ‍ॅपमध्ये काहीही साठवू नये. पहिले प्रकरण मॅकचे आहे, कारण तिथे करण्यासारखे सर्वांत थोडे आहे. विंडोजला त्यानंतरची दोन प्रकरणे दिली आहेत, आणि फॉन्ट कसे बसवायचे ते दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगितले आहे.